ग्वाटेमालाचा घेवडा मेरीलँडमध्ये फुलत का नाही?

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेरीलँडमध्ये तुमच्या शेजारी राहणाऱ्या ग्वाटेमालाच्या आजींनी त्यांच्या माहेरचं, चिमालतेनांगोकडचं, काळ्या घेवड्याचं बी तुम्हाला दिलं. सोबत कागदी रुमालावर वाळवलेलं टोमॅटोचं बी. घेवडा तुम्ही मेच्या सुरुवातीला टोकला. वेल कुंपण ओलांडून पलीकडच्या झाडावर चढला, पण ऑक्टोबरच्या पहिल्या फ्रॉस्टपर्यंत, म्हणजे झाडं मारणाऱ्या गोठवणाऱ्या थंडीपर्यंत, एक शेंग हाती लागली नाही. टोमॅटो लागले, पण काही झाडांना चुण्यांचे, काहींना गुळगुळीत, आणि निम्मे तडकलेले. काळं बी आता चाळीसेक दाणे उरलंय आणि त्यात पाच-सहा मोठे, जांभळट ठिपक्यांचे दाणे मिसळलेले आहेत. खत कमी पडलं की जास्त झालं, असं तुम्ही विचारता. थोडं बी साताऱ्याला भावाकडे पाठवू का, असंही.

खताचा यात दोष नाही. नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि फुलोरा लांबतो हे खरं, पण पाच महिने एकही शेंग नाही, इतकी करामत एकट्या खताची नसते. तुमचा घेवडा रात्रीची लांबी मोजतो आणि मेरीलँडचा उन्हाळा त्याला हवी तेवढी रात्र देत नाही.

चिमालतेनांगो विषुववृत्तापासून साधारण 14.7 अंश उत्तरेला आहे. तिथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा 13 तासांचा. मेरीलँड 39 अंशांवर, तिथे 21 जूनला दिवस जवळजवळ 15 तासांचा असतो. मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या वेलवर्गी घेवड्यांपैकी बऱ्याच जाती रात्र पुरेशी लांबल्याशिवाय कळीच धरत नाहीत. तुमच्याकडे दिवस 13 तासांवर उतरायला सप्टेंबर उजाडतो. मग कळ्या येणार सप्टेंबरच्या शेवटी, शेंग भरून वाळायला पुढे सहा ते आठ आठवडे, आणि फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्यानंतर कधीही. हिशेब बसतच नाही. बाजारातल्या पाकिटातला श्रावण घेवडा तुमच्याकडे जूनमध्ये फुलतो, कारण युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बागवानांनी पिढ्यान् पिढ्या लवकर फुलणारी झाडं निवडून त्याची ही सवय मोडली आहे. आजींच्या घराण्यात कुणाला ती मोडायची गरजच पडली नव्हती.

म्हणून पुढचा दाणा मातीत टाकण्याआधी आजींशी नीट बसून बोला, नातवंडांपैकी कुणाला दुभाषा करा. हे बी कधी टोकायचात? मक्याबरोबर की मका गुडघाभर झाल्यावर? काढणी कुठल्या महिन्यात? गाव थंड होतं की उष्ण? एप्रिल-मेच्या पहिल्या पावसाबरोबर टोकणी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढणी, असं उत्तर आलं, तर मी वर लिहिलेलं निदान पक्कं समजा. उलट त्या म्हणाल्या की हा जमिनीलगत वाढतो आणि तीन महिन्यांत हातात येतो, तर गोष्ट वेगळी. ग्वाटेमालाच्या पूर्वेला हुतियापाकडच्या उष्ण भागात असे झुडपी घेवडे लावतात आणि त्यातले बरेच दिवसाच्या लांबीचं फारसं मनावर घेत नाहीत. पण तुमचा वेल झाडावर चढला होता, त्यामुळे उत्तर पहिलंच येईल असा माझा कयास आहे. घरचं बी हातात येतं तेव्हा पेरणीच्या या आठवणी त्याच्याबरोबर मागून घ्यायच्या असतात. आपण दाणे तेवढे घेतो आणि पुढे सगळं अंदाजाने करतो.

बोलणं निघालंच तर मक्याचंही विचारा. त्या भागातल्या मिल्पात मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात असतात आणि घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो. ते वाचून अमेरिकेतले हौशी लोक स्वीट कॉर्नच्या बुंध्याशी असले घेवडे लावतात. डोंगरातला मका दहा-बारा फूट उंच, जाड ताटाचा आणि शेतात सात-आठ महिने उभा राहणारा. स्वीट कॉर्न जेमतेम सहा फुटी, ऑगस्टमध्ये संपणारं. वेल त्याला आडवं पाडतो. तुम्ही सरळ बांबू वापरा.

आता ते मोठे ठिपक्यांचे दाणे. ते वेगळे काढा, कारण बहुतेक ती जातच दुसरी आहे. तिकडे पिलॉय नावाचा घेवडा पिकतो, ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहराचा पिलॉयादा नावाचा पदार्थ त्याचाच करतात. काळा घेवडा आपल्या राजम्याच्या जातकुळीतला, तर पिलॉय हा रनर बीन नावाच्या वेगळ्या घेवड्याच्या. खात्री करायला फुलाची वाट पाहावी लागत नाही, उगवताना लक्ष ठेवलं की पुरे. राजम्याच्या कुळातला कोंब वाकून वर येतो आणि दाण्याच्या दोन्ही डाळिंब्या मातीबाहेर उचलून आणतो. काही दिवस त्या खऱ्या पानांच्या खाली लोंबकळताना दिसतात, मग सुरकुतून गळतात. रनर बीनच्या डाळिंब्या मातीतच राहतात आणि वर फक्त देठ आणि पानं येतात. पहिल्या आठवड्यातच फरक कळतो, दाण्याच्या रंगावर वाद घालत बसावं लागत नाही.

फरक कळायला हवा, कारण दोघांचं बी धरायची रीत वेगळी. काळा घेवडा बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतो. शेजारी दुसरा घेवडा असला तर दहा-पंधरा फुटांचं अंतर आणि मध्ये एखादं दुसरं पीक एवढं घरगुती बियाण्याला पुरतं. पिलॉयला मात्र भुंगे-मधमाश्या लागतात आणि त्याचा संकर सर्रास होतो. आसपास कुणी लाल फुलांचा रनर बीन शोभेसाठी लावला असेल, तर जाळीखाली हाताने परागीकरण केल्याशिवाय पिलॉयचं बी शुद्ध राहणार नाही. एक सोय आहे. पिलॉय बहुवर्षायू, मुळाशी गड्डा धरणारा. शेंगा नाही आल्या तरी फ्रॉस्टच्या सुमारास गड्डा खणून काढा, डेलियाचे कंद ठेवतात तसा किंचित ओलसर भुश्यात, थंड तळघरात ठेवा आणि वसंतात परत लावा.

काळ्या घेवड्यासाठी माझा सल्ला असा, की यंदा खायच्या शेंगांचा विचार सोडा. यंदा बियाला बी परत मिळवायचं. चाळीसपैकी निम्मं घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये जाऊ द्या. ते कितीही मोह झाला तरी काढायचं नाही. उरलेलं कुंड्यांमध्ये टोका, कारण या वेलाला रोज संध्याकाळी अंधारात न्यायचं आहे आणि कुंपणावर चढलेला वेल नेता येत नाही.

पाच गॅलनच्या बादल्या घ्या, बुडाला भोकं पाडा, एका बादलीत तीन दाणे. मेमध्ये टोकायची घाई करू नका. फुलं वेलाच्या वयावर नाहीत, रात्रीवर येणार आहेत. लवकर टोकून फक्त पाला वाढतो आणि बादली जड होते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात टोका. बादलीत पाच फुटी बांबूंची तिकाटी करा, वेल शेंड्याला पोचला की शेंडा खुडा किंवा खाली वळवून परत गुंडाळा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अंधार सुरू करा. संध्याकाळी सहाला बादल्या गॅरेजमध्ये, सकाळी सातला बाहेर, म्हणजे तेरा तास रात्र. चाकांची फळी केलीत तर कंबर वाचेल. अंधार म्हणजे खरा अंधार हवा. गॅरेजचं दार उघडलं की आपोआप लागणारा दिवा असतो, तो काढून ठेवा. रात्री दहाला कुणी गाडी आत आणली आणि दिवा लागला, तर त्या झाडाच्या लेखी ती लांब रात्र दोन छोट्या रात्रींत तुटते आणि मेहनत पाण्यात जाते. लोकांचे प्रयत्न इथेच फसतात, आणि मग म्हणतात की अंधाराचा उपाय चालत नाही. गॅरेज नसेल तर काळं जाड कापड दोन पदरी टाकूनही जमतं, फक्त ते संध्याकाळच्या उन्हात टाकायचं नाही, आत भट्टी होते. नुसत्या प्लास्टिकने तर वेल उकडून निघेल.

साधारण तीन-चार आठवड्यांत पानांच्या बेचक्यात कळ्या दिसायला लागतील. दिसल्या म्हणून लगेच थांबू नका, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालू ठेवा. त्यानंतर बाहेरची रात्रच पुरेशी लांब असते, बादल्या बाहेर राहू द्या.

अंधार जूनमध्येच का सुरू करायचा नाही? उन्हामुळे. चिमालतेनांगो समुद्रसपाटीपासून साधारण 1800 मीटरवर आहे. दिवस उबदार, रात्री गार. मेरीलँडचा जुलै म्हणजे दिवसा 31-32 अंश, रात्री 20च्या वर आणि दमट. अशा हवेत घेवड्याची फुलं गळतात, परागच नीट काम करत नाही. जूनमध्ये अंधार देऊन जुलैत फुलं आणलीत तर ती झडतील आणि तुम्ही परत खताच्या डब्याकडे वळाल. फुलं ऑगस्टच्या अखेरीला, रात्री गार व्हायला लागल्यावर यायला हवीत. खिडकी अरुंद आहे, एकीकडे ऊन, दुसरीकडे फ्रॉस्ट. म्हणून तारखा थोड्या काटेकोर पाळा.

फ्रॉस्टचा इशारा आला आणि शेंगा अजून पूर्ण वाळल्या नसतील तर घाबरायचं कारण नाही. बादल्या आत घ्या. ज्या शेंगा हिरव्या सोडून पिवळट, चामड्यासारख्या झाल्यात त्यांच्यातलं बी पुरं भरलेलं असतं. वेल मुळासकट उपटून आत उलटा टांगला तरी त्या वाळतात. गच्च हिरव्या शेंगांचा मात्र मोह सोडा, त्यातला दाणा सुरकुततो आणि उगवत नाही.

दुसरा मार्ग ओळखीपाळखीचा. फ्लोरिडाच्या अगदी दक्षिण टोकाला, मायामीजवळच्या होमस्टेड भागात, घेवडा हिवाळ्यातच पिकवतात. तिकडे कुणी नातलग असतील तर त्यांना आठ-दहा दाणे द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोकले की दिवस आपोआप लहान होत जातात, फ्रॉस्टची भीती जवळपास नाही, गॅरेजची कसरत नाही. दोन राज्यांत बी असलं की एकीकडे घात झाला तरी वाण जात नाही. पाठवण्याआधी त्या राज्याचा नियम पाहून घ्या. आयडाहोसारखी राज्यं घेवड्याच्या बियाबाबत फार कडक आहेत.

बी हाती आलं की त्याची दोन पाकिटं करा. सगळ्यात आधी फुललेल्या एक-दोन वेलांचं बी वेगळं, त्यावर तसं लिहून. पुढच्या काही पिढ्या त्यातूनच निवडत गेलात तर तुमच्या अंगणाला सरावलेला घेवडा तयार होऊ शकेल. पण आजींचा वाण म्हणून जे ठेवायचं, त्यात प्रत्येक वेलाचे सारखे दाणे घ्या, उशिराच्याही. घरच्या बियात काळ्याच्या दोन-तीन छटा असतात, कुणाचा डोळा पांढरा, कुणी तपकिरीकडे झुकलेला. ते बी भेसळीचं नाही, तसंच असतं. एकसारखे टपोरे निवडत बसलात तर वाणाचा बराचसा भाग तुम्ही स्वतःच फेकून द्याल.

रोगाचं थोडक्यात. ज्या वेलाची पानं कोवळेपणीच हिरवी-पिवळी चितकबरी होऊन खाली वळतात तो उपटून टाका, मोझॅक विषाणू बियातून पुढे जातो. शेंगांवर खोलगट, काळपट डाग म्हणजे करपा. तोही बियातून येतो, डोंगरी ओल्या हवेतल्या घेवड्यात नेहमीचा. डागाळलेले दाणे टोकू नका आणि पानं ओली असताना वेलात हात घालू नका.

टोमॅटोकडे येते. त्याला दिवसाच्या लांबीचं घेणंदेणं नाही, त्यामुळे तुमचं निम्मं काम सोपं. तडकण्याचं कारण पाणी. पातळ सालीचं फळ, आठवडाभर कोरडं आणि मग मेरीलँडची एका दुपारची वादळी पावसाची सर, की साल फाटते. बुंध्याशी गवताचं जाड आच्छादन घाला, पाणी नियमित द्या, आणि पावसाचा अंदाज असेल तर रंग बदलायला लागलेली फळं आधीच काढून आत पिकवा. चव फारशी बिघडत नाही, कुणी काही म्हणो. खालची पानं फूटभर उंचीपर्यंत काढून टाका, नाहीतर ठिपक्यांचे रोग मातीतून उडून जुलैतच वर चढतात.

काही झाडांना चुण्यांची आणि काहींना गुळगुळीत फळं, याची कारणं दोन संभवतात. एक तर आजींच्या घरी दोन प्रकार होते आणि बी एकत्र वाळलं. नाहीतर मध्ये कधी संकर झाला. आताच्या टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसर पुंकेसरांच्या नळीच्या आत दडलेला असतो, म्हणून तो सहसा बाहेरचा पराग घेत नाही. जुन्या आणि रानवट छोट्या टोमॅटोंत मात्र त्याचं टोक कधी कधी नळीबाहेर डोकावतं. भिंग घेऊन उमललेलं फूल पाहा. टोक बाहेर दिसलं तर कळ्या उमलायच्या आधीच घोसावर जाळीची छोटी पिशवी बांधा, लग्नात अक्षता देतात तसली चालेल. रोज टिचकी मारून घोस हलवा. फळ धरलं की पिशवी काढा, त्या घोसाला दोरा बांधा, बी तिथूनच घ्या.

कुठला प्रकार ठेवायचा हे तुम्ही ठरवू नका. दोन्ही प्रकारची फळं वेगवेगळ्या टोपल्यांत आजींकडे न्या आणि त्यांना चिर्मोल करायला सांगा. टोमॅटो तव्यावर काळे पडेस्तोवर भाजून कांदा, कोथिंबीर, मिरची घालून ठेचतात ते. भाजल्यावर कुणाचं पाणी होतं आणि कुणाचा गर राहतो, हे त्यांना एका घासात कळेल.

बी काढताना पूर्ण पिकलेली, निरोगी फळं पिळून बी रसासकट काचेच्या पेल्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, दिवसातून एकदा ढवळा. बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटलं की खूप पाणी ओता. चांगलं बी तळाशी बसतं, वरचं ओतून द्या. बशीवर वाळवा. आजींची कागदी रुमालाची पद्धत चुकीची नाही, पण आवरण तसंच राहतं आणि बी कागदाला चिकटतं. पेरताना कागदासकट तुकडा मातीत टाका, खरवडू नका.

साठवणुकीत दोघांचे शत्रू वेगळे. टोमॅटोचं बी कोरडं आणि थंड राहिलं तर चार-पाच वर्षं सहज टिकतं. घेवड्याला भुंगेरे पोखरतात. त्यांची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असू शकतात, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या बाटलीत महिन्याभराने भोकं पडलेले दाणे आणि पिठूळ भुसा दिसतो. उपाय फ्रीझरचा, पण आधी बी खणखणीत वाळायला हवं. एक दाणा फरशीवर ठेवून हातोडी मारा. फुटून तुकडे उडाले तर वाळलंय, चेपला गेला तर अजून ओल आहे. ओल असलेलं बी फ्रीझरमध्ये मरतं. वाळलेलं बी घट्ट बाटलीत उणे 18 अंशाला आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर पाणी धरतं. आपल्याकडे राखेत घोळवून मडक्यात ठेवायची रीत आहे, तीही चांगली, पण चाळीस दाण्यांवर मी तिची परीक्षा घेणार नाही.

आता साताऱ्याचं. पाठवू नका. भारतात परदेशी बी आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि बी पाठवणाऱ्या देशाच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटात किंवा बॅगेत टाकलेलं बी बेकायदा ठरतं आणि विमानतळावर गेलं तर कायमचं गेलं. उलट्या दिशेनेही तेच. आजींचे कुणी नातेवाईक गावाहून नवं बी घेऊन येणार असतील, तर प्रमाणपत्राशिवाय आणू नका म्हणून सांगा. टोमॅटोच्या बियाबाबत तर अमेरिकेने 2019 मध्ये जास्तीचे निर्बंध घातले होते, कारण फळं खडबडीत तपकिरी करणारा एक विषाणू बियावरून पसरतो. आणि विषाणूला तुमचा हेतू कळत नाही.

गंमत अशी, की हा वेल साताऱ्यात बहुधा विनातक्रार फुलला असता. सातारा 17.7 अंशांवर, तिथलाही सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच जास्त. पण भावाला घरचं बी धरायची हौस असेल तर लांब जायला नको. शेजारी कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा पिकतो, लालसर रेघांचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. तो त्याच राजम्याच्या कुळातला, कधीकाळी अमेरिकेतूनच आलेला. बी मात्र दुकानातून न घेता, दरवर्षी स्वतःचं बी राखणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्यायला सांगा, आणि टोकणी-काढणीच्या तारखा त्यालाच विचारायला.